टॅबलेटचा ग्राहक निष्ठावान असतो की अडकलेला?

१ जुलै २०११ रोजी ह्युलेट-पॅकार्ड म्हणजेच एचपी या कंपनीने टचपॅड नावाचा टॅबलेट अमेरिकेत विक्रीला आणला. त्याची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत होती, म्हणजे सर्वांत स्वस्त आयपॅडएवढीच. आदल्याच वर्षी एचपीने १२० कोटी डॉलर मोजून पाम ही कंपनी विकत घेतली होती आणि टचपॅडवर चालणारी वेबओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम त्या व्यवहारातून तिच्या हाती आली होती. एकाच वेळी अनेक कामे उघडी ठेवून त्यांच्यात सहज ये-जा करण्याची या सिस्टिमची पद्धत जाणकारांना फार आवडली होती. तरीही टचपॅड दुकानांत पडून राहिला. १८ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या सात आठवड्यांत, एचपीने तो बंद करत असल्याचे जाहीर केले आणि उरलेला साठा ९९ डॉलरला काढला. तेव्हा मात्र त्यावर अशी झुंबड उडाली की काही दिवसांत तो मिळेनासा झाला.

यंत्र तेच होते आणि पडदाही तोच होता. बदलली ती फक्त किंमत, आणि त्यातून ग्राहकाच्या मनातला हिशोब उघड झाला. टचपॅड वाईट आहे असे लोकांचे म्हणणे नव्हते. मोजकीच अ‍ॅप असलेला आणि ज्याच्या भवितव्याची खात्री नाही असा टॅबलेट आम्ही आयपॅडच्या भावाने घेणार नाही, असे ते सांगत होते. टॅबलेटच्या बाजारातली स्पर्धा समजून घ्यायची असेल तर सुरुवात इथून करावी लागते, कारण या बाजारात यंत्राची यंत्राशी थेट तुलना फार क्वचित होते. ग्राहक यंत्राबरोबर एक संपूर्ण व्यवस्था घेत असतो. त्या व्यवस्थेवर त्याचा जो लोभ जडलेला दिसतो त्याला आपण ‘ब्रँडनिष्ठा’ म्हणतो. माझे म्हणणे असे की या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या बाजाराबद्दल काहीही नीट बोलता येत नाही.

आधी व्यवस्थेचे. टॅबलेटची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी दोन वेगवेगळ्या ग्राहकवर्गांना एकत्र आणते: एका बाजूला टॅबलेट वापरणारे लोक, दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी अ‍ॅप लिहिणारे प्रोग्रामर आणि कंपन्या. आठवडी बाजाराला गिऱ्हाईक येते कारण तिथे विक्रेते असतात, आणि विक्रेते येतात कारण गिऱ्हाईक असते. एकदा भरलेला बाजार वर्षानुवर्षे भरत राहतो आणि शेजारच्या गावाने नवा बाजार भरवायचे ठरवले तर पहिल्या दिवशी तिथे कोणीच नसते. फ्रान्समधील तुलूझचे अर्थशास्त्रज्ञ ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल यांनी २००३ च्या सुमारास अशा दुहेरी बाजारांची सैद्धांतिक मांडणी केली. बड्या कंपन्यांची बाजारातली ताकद आणि तिचे नियमन यांवरील एकूण कामासाठी तिरोल यांना २०१४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या मांडणीचा आपल्या विषयापुरता अर्थ असा की अशा बाजारात आधी गर्दी जमवणाऱ्याला मोठा फायदा मिळतो आणि तो फायदा त्याच्या मालाच्या गुणवत्तेपासून काही अंशी स्वतंत्र असतो.

अ‍ॅपलने ही गर्दी टॅबलेट बाजारात आणण्याच्या कितीतरी आधी जमवलेली होती. टॅबलेट ही कल्पना तिची नव्हती. बिल गेट्स यांनी २००१ मध्येच टॅबलेट पीसीचे प्रात्यक्षिक दाखवून पाच वर्षांत तो अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा संगणक ठरेल असे भाकीत केले होते आणि २००२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने त्यासाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्तीही आणली होती. ते भाकीत खरे ठरले नाही. ती यंत्रे जड आणि महाग होती, आणि माऊससाठी रचलेल्या पडद्यावर पेन चालवावे लागत असे. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड दाखवला तेव्हा त्याच्या पाठीशी आयफोनसाठी लिहिलेली १ लाख ४० हजार अ‍ॅप होती आणि त्यांतील जवळजवळ सर्व आयपॅडवर चालणार होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या भाषणात एका वाक्यात येऊन गेली: क्रेडिट कार्डाची नोंद असलेली साडेबारा कोटी खाती अ‍ॅपलकडे आधीपासून होती. आयपॉडवर गाणी घेण्यासाठी लोकांनी जी खाती उघडली होती, त्यांच्यावरच आता टॅबलेटची दुकानदारी चालणार होती. ३ एप्रिलला विक्री सुरू झाली, २८ दिवसांत १० लाख नग गेले आणि त्या वर्षाच्या नऊ महिन्यांत सुमारे दीड कोटी.

पुढच्या वर्षी स्पर्धकांची रांग लागली. सॅमसंगचा सात इंची गॅलेक्सी टॅब २०१० च्या शरद ऋतूतच आला होता. भारतात तर तो आयपॅडच्या आधी, नोव्हेंबरात पोहोचला, कारण अ‍ॅपलने आयपॅड इथे अधिकृतपणे आणायला जानेवारी २०११ उजाडू दिला. फेब्रुवारी २०११ मध्ये मोटोरोलाचा झूम आला, गूगलने खास टॅबलेटसाठी लिहिलेल्या अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीसह. एप्रिलमध्ये ब्लॅकबेरीचा प्लेबुक आला. ई-मेलसाठी जगभर नावाजलेल्या या कंपनीच्या टॅबलेटमध्ये स्वतःचे ई-मेल अ‍ॅपच नव्हते. ई-मेल पाहण्यासाठी ब्लॅकबेरीचा फोन जवळ बाळगून तो टॅबलेटशी जोडावा लागे. आपल्या निष्ठावान ग्राहकाकडे फोन असणारच, असे कंपनीने गृहीत धरले होते. ते गृहीत धरणे कंपनीला महागात पडले: त्याच वर्षीच्या डिसेंबरात न खपलेल्या प्लेबुकपोटी तिने ४८.५ कोटी डॉलरचा तोटा हिशोबात दाखवला. निष्ठेवर भिस्त ठेवून नव्या ग्राहकासाठी दारच न ठेवण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

झूमची अडचण वेगळी होती आणि ती अधिक शिकवणारी आहे. मोबाइल कंपनीशी करार न करता तो घ्यायचा तर ७९९ डॉलर पडत. मोटोरोलासारख्या मोठ्या कंपनीला आयपॅडपेक्षा स्वस्त टॅबलेट का बनवता आला नाही? अ‍ॅपल कित्येक वर्षे मेमरी चिप आणि पडदे यांची आगाऊ पैसे भरून घाऊक खरेदी करत आली होती. २००५ मध्ये तिने फ्लॅश मेमरीसाठी पाच उत्पादकांना मिळून सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ देण्याचे करार केले होते, आणि जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅपलचे टिम कुक यांनी अशाच दीर्घ मुदतीच्या करारांत सुमारे ३९० कोटी डॉलर गुंतवल्याचे सांगितले. शिवाय अ‍ॅपलची स्वतःची दुकाने होती, त्यामुळे विक्रेत्याच्या नफ्याचा काही भाग तिच्याकडेच राहत असे. आयपॅड महाग असतो ही समजूत इतकी रुजलेली आहे की पहिल्या दोन वर्षांत प्रतिस्पर्ध्यांना त्याची किंमत गाठणेच अवघड जात होते, हे आज सांगूनही पटत नाही. त्यात अ‍ॅपची कमतरता. मार्च २०११ मध्ये आयपॅड २ दाखवताना जॉब्ज यांनी पडद्यावर दोन आकडे मांडले: खास आयपॅडसाठी लिहिलेली अ‍ॅप ६५ हजार आणि टॅबलेटच्या अँड्रॉइडसाठी लिहिलेली १००. प्रतिस्पर्ध्याचा आकडा प्रतिस्पर्धीच सांगतो तेव्हा तो तोलूनमापून घ्यावा, पण दरी मोठी होती याबद्दल वाद नव्हता.

ही कोंडी फोडली ती ज्याला यंत्रावर नफा नको होता त्याने. सप्टेंबर २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल फायर जाहीर केला, १९९ डॉलरला. जेफ बेझोस यांनी पुढच्या वर्षी आपले धोरण उघड सांगितले: लोक आमचे यंत्र विकत घेतात तेव्हा नव्हे, ते वापरतात तेव्हा आम्हाला पैसे मिळावेत. टॅबलेट जवळपास उत्पादनखर्चात द्यायचा आणि पुस्तके, चित्रपट, गाणी व इतर खरेदी यांतून कमवायचे, ही त्यामागची रीत. पुढच्या आवृत्त्यांत बंद पडद्यावर जाहिराती दिसत आणि त्या नको असतील तर १५ डॉलर जादा द्यावे लागत. २०१२ च्या जूनमध्ये गूगलनेही असूसकडून बनवून घेतलेला नेक्सस ७ त्याच १९९ डॉलरला आणला. आता अ‍ॅपलला हलावे लागले. सात इंची टॅबलेट जन्मतःच मेलेले असतील, त्यांच्यावर बोटे चालवायची तर बोटे घासून बारीक करावी लागतील, असे जॉब्ज ऑक्टोबर २०१० मध्ये म्हणाले होते. दोन वर्षांनी, त्यांच्या मृत्यूनंतर, अ‍ॅपलने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी ३२९ डॉलरला काढला. स्पर्धेने ग्राहकाला काय दिले याचे हे ठळक उदाहरण आहे. ज्यांनी कधीही किंडल फायर घेतला नाही त्यांनाही त्याचा लाभ झाला.

मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी हा टॅबलेटही ऑक्टोबर २०१२ मध्येच बाजारात आला. त्याच्यावर विंडोजचे नाव होते, पण विंडोजचे जुने सॉफ्टवेअर चालत नव्हते, कारण आतली चिप वेगळ्या जातीची होती. लोकांची विंडोजवरची निष्ठा खरे तर वर्षानुवर्षे जमवलेल्या त्या जुन्या सॉफ्टवेअरवर होती. ते काढून घेतल्यावर नावाला किंमत उरली नाही. जुलै २०१३ मध्ये कंपनीने त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा मान्य केला.

आता निष्ठेकडे येऊ. एखादा ग्राहक तिसऱ्यांदा त्याच कंपनीचा टॅबलेट घेतो तेव्हा बाहेरून दिसते ती फक्त कृती. तिच्यामागे दोन कारणे असू शकतात. पहिले असे की आधीच्या दोन टॅबलेटनी त्याला समाधान दिले, कंपनीने शब्द पाळला, म्हणून तो पुन्हा तिच्याकडे आला. दुसरे असे की सोडून जाण्याची किंमत त्याला परवडणारी नाही. विकत घेतलेली अ‍ॅप दुसरीकडे नेता येत नाहीत, ती पुन्हा घ्यावी लागतात. छायाचित्रे आणि टिपणे एका कंपनीच्या क्लाउडमध्ये आहेत. पेन, कीबोर्ड, कव्हर दुसऱ्या टॅबलेटला लागत नाही. घरच्या इतर चौघांकडे त्याच कंपनीची यंत्रे असल्याने वर्गणी सगळ्यांत मिळून वाटलेली आहे. हा झाला बदलाचा खर्च, आणि त्यात पैशाइतकाच वेळ व मनस्ताप मोजावा लागतो. विक्रीच्या आकड्यांत ही दोन्ही कारणे एकसारखीच दिसतात. ग्राहक टिकवण्याचे प्रमाण अमुक टक्के आहे असे कंपनी अभिमानाने सांगते तेव्हा त्यातले किती समाधानाचे आणि किती नाइलाजाचे, हे तो आकडा सांगू शकत नाही.

ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ पॉल क्लेम्परर यांनी १९८० च्या दशकापासून बदलाच्या खर्चाचा बारकाईने अभ्यास केला आहे. जिथे हा खर्च मोठा असतो तिथे कंपन्या नवा ग्राहक मिळवताना सवलतींची खैरात करतात आणि एकदा तो आत आल्यावर त्याच्याकडून वसुली करतात, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र. म्हणजे स्पर्धा नाहीशी होत नाही. ती सगळी पहिल्या खरेदीच्या आधी होऊन जाते. टॅबलेटच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. दुकानातल्या किमतीकडे पाहून आपल्याला चुरस दिसते, पण पुढची पाच वर्षे अ‍ॅप, साठवणुकीची जागा, पेन आणि दुरुस्ती यांवर जो खर्च होतो त्यासाठी चुरस जवळपास नसते.

बदलाचा खर्च सगळ्यांना सारखा नसतो, हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जो टॅबलेटवर फक्त यूट्यूब, मालिका आणि बातम्या पाहतो त्याचे काहीच अडत नाही, कारण ती अ‍ॅप सगळीकडे आहेत आणि खाते उघडले की मागचे सगळे जसेच्या तसे पुढे येते. म्हणूनच स्वस्त टॅबलेटच्या वर्गात ग्राहक लेनोवोकडून शाओमीकडे, शाओमीकडून सॅमसंगकडे सहज जातो. याउलट चित्रकाराची गोष्ट पाहा. प्रोक्रिएट हे ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर तयार झालेले चित्रकलेचे अ‍ॅप २०११ पासून आहे, ते फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालते आणि मासिक वर्गणीशिवाय एकदाच पैसे भरून मिळते. ज्याने वर्षानुवर्षे त्यात आपले ब्रश तयार केले, हाताला त्याची सवय लावली, तो सॅमसंगचा पडदा कितीही चांगला असला आणि त्याबरोबर पेन फुकट मिळत असले तरी हलणार नाही. त्याची निष्ठा अ‍ॅपलवर आहे की प्रोक्रिएटवर? प्रोक्रिएट उद्या अँड्रॉइडवर आले तर हे लगेच कळेल. तोवर ती अ‍ॅपलच्या खात्यावर जमा होत राहते.

पण सगळेच अडकलेले आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०११ मध्ये आलेल्या आयपॅड २ ला २०१६ पर्यंत सॉफ्टवेअरची नवी भर (अपडेट) मिळत राहिली, आणि २०१४ च्या आयपॅड एअर २ वर २०२१ ची नवी आवृत्तीही चालली. त्याच काळात अँड्रॉइडचे पुष्कळ टॅबलेट विकत घेतल्यावर एखाद-दुसरी भर मिळून तिथेच थांबत. खुद्द गूगलने २०१९ मध्ये आपण यापुढे टॅबलेट बनवणार नसल्याचे सांगितले आणि २०२३ मध्ये पिक्सेल टॅबलेट घेऊन ती परत आली. कंपनीच जिथे स्वतःच्या मालाशी एवढी सैल बांधलेली असेल तिथे ग्राहकाकडून चिवट निष्ठेची अपेक्षा कशी करावी? अ‍ॅपलच्या निष्ठेचा एक मोठा भाग या दीर्घ सांभाळामुळे रास्तपणे मिळवलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा पुरावा प्रतिस्पर्ध्यांच्या वागण्यात सापडतो. गूगलने २०२२ मध्ये अँड्रॉइडची मोठ्या पडद्यांसाठीची वेगळी आवृत्ती काढली, आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी टॅब एस १० मालिकेला सात वर्षे नव्या आवृत्त्या व सुरक्षेची भर देण्याचे वचन दिले. आयपॅड टिकतो म्हणून लोक तो घेतात हे ओळखल्याशिवाय असे वचन कोणी देत नाही.

कंपन्यांच्या आपसांतल्या वैराची गोष्टही इथे सांगावी लागेल, कारण ब्रँडनिष्ठा पुष्कळदा त्या वैराचा रंग घेते. अ‍ॅपलने एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत सॅमसंगवर नक्कल केल्याचा दावा लावला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने गॅलेक्सी टॅब १०.१ ची विक्री रोखली. कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने ऑगस्ट २०१२ मध्ये सॅमसंगला फोनच्या बाबतीत शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितली, पण टॅबलेटने आयपॅडच्या आकाराची नक्कल केली हे मात्र मानले नाही. लंडनमध्ये न्यायमूर्ती कॉलिन बर्स यांनी जुलै २०१२ मध्ये सॅमसंगचे टॅबलेट नक्कल नाहीत असा निर्णय देताना कारण दिले की आयपॅडमधला टोकाचा साधेपणा त्यांच्यात नाही, ते तितके झोकदार नाहीत. आणि नक्कल झालेली नाही हे अ‍ॅपलने आपल्या ब्रिटिश संकेतस्थळावर छापावे असा आदेश दिला. विशेष म्हणजे पहिल्या आयपॅडची ए४ चिप सॅमसंगच्याच कारखान्यात बनली होती, आणि २०२४ च्या आयपॅड प्रोचे ओलेड पडदेही सॅमसंग व एलजी यांच्याकडूनच येतात. ग्राहक ज्या दोन छावण्यांत स्वतःला वाटून घेतो त्या कारखान्याच्या पातळीवर एकमेकींच्या गिऱ्हाईक आहेत.

बाजाराचा एकूण आकार २०१४ च्या सुमारास शिखरावर पोहोचला. त्या वर्षी जगभरात सुमारे २३ कोटी टॅबलेट दुकानांकडे रवाना झाले. त्यानंतर उतार लागला. करोनाच्या काळात घरून शिक्षण आणि काम सुरू झाल्याने तो काही काळ थांबला आणि २०२३ मध्ये आकडा सुमारे १३ कोटींवर आला. या घसरणीत मात करणारा कोणी नवा टॅबलेट नव्हता. एकीकडून फोन मोठा होत गेला: २०११ चा ५.३ इंची गॅलेक्सी नोट, २०१४ चा साडेपाच इंची आयफोन ६ प्लस, आणि सात इंची टॅबलेटला कारणच उरले नाही. दुसरीकडून जुना टॅबलेटच नव्याचा प्रतिस्पर्धी झाला. फोन खिशात झिजतो, पडतो, त्याची बॅटरी रोज ताणली जाते. टॅबलेट घरात असतो आणि सात-सात वर्षे चालतो. दीर्घ सांभाळ देणाऱ्या कंपनीला निष्ठा मिळते पण तिचा माल कमी वेळा विकला जातो, हा पेच सगळ्यांसमोर आहे. त्यामुळेच पैसे मिळवण्याचा भर यंत्राकडून सेवा, वर्गण्या आणि अ‍ॅपवरील दलाली यांकडे सरकला आहे. अ‍ॅपमधल्या डिजिटल खरेदीवर अ‍ॅपल अनेक वर्षे ३० टक्के घेत आली. २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांसाठी तो दर १५ टक्के आहे.

इथे नियामक पुढे येतात. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यानुसार ज्या सेवेचे महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते आणि वर्षाला दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते युरोपात असतील तिला ‘द्वारपाल’ ठरवून जादा बंधने घालता येतात. आयपॅडची ऑपरेटिंग सिस्टिम वापरकर्त्यांच्या आकड्यात थोडी कमी पडत होती. तरीही २९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने तिला या यादीत घातले. कारणे वाचण्यासारखी आहेत: व्यावसायिक वापरकर्त्यांची संख्या मर्यादेच्या अकरा पट होती, आणि सामान्य ग्राहक व अ‍ॅप बनवणारे असे दोघेही या व्यवस्थेत अडकलेले आहेत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. त्यानंतर युरोपात आयपॅडवर अ‍ॅपलखेरीज इतरांची अ‍ॅप-दुकाने चालवण्याची मुभा अ‍ॅपलला द्यावी लागली. कंपनी ज्याला निष्ठा म्हणते त्यातला काही भाग कुलूप आहे, असे एका सरकारी संस्थेने टॅबलेटच्याच बाबतीत लेखी नोंदवण्याची ही महत्त्वाची घटना आहे.

अँड्रॉइडच्या बाजूने कुलूप वेगळ्या जागी होते. अँड्रॉइड कोणालाही घेता येते, बदलताही येते. अ‍ॅमेझॉनने तेच केले. पण ज्या कंपनीला आपल्या यंत्रांत गूगलचे प्ले स्टोअर हवे असेल तिने अशा बदललेल्या अँड्रॉइडचे एकही यंत्र विकू नये, अशी अट गूगलच्या करारात असे. त्यामुळे अ‍ॅमेझॉनसाठी यंत्र बनवायला बड्या उत्पादकांपैकी कोणी पुढे येईना. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये अशाच अटींसाठी ४३४ कोटी युरोंचा दंड केला. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. स्वस्त टॅबलेटचे डझनभर ब्रँड दिसतात म्हणून तिथे भरपूर स्पर्धा आहे असे वाटते, पण ती ब्रँडांमधली आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर त्या सगळ्यांचा मालक एकच आहे.

भारतात या विषयाला आणखी एक बाजू आहे, कारण इथे टॅबलेटचा मोठा ग्राहक सरकार आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ जाहीर झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. त्याचा पडदा बोटाने दाबून चालवावा लागे, मेमरी तुटपुंजी होती आणि त्यात गूगलचे अ‍ॅप-दुकान नव्हते. यंत्र बाजारात आणले की बाकीचे आपोआप येईल हा समज एचपीला जसा नडला तसाच इथेही नडला. प्रकल्प पुढे आयआयटी बॉम्बेकडे आला, प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालील गटाने सुधारित ‘आकाश २’ वर काम केले आणि तिथे भर योग्य जागी पडला: यंत्राबरोबर शैक्षणिक सॉफ्टवेअर आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांचे प्रशिक्षण. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. नागपूरची महाज्योती ही संस्था प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि रोजचा इंटरनेट डेटा देते. अशा खरेदीत ब्रँड निवडतो अधिकारी, निविदेतल्या सर्वांत कमी दराने, वापरतो विद्यार्थी. त्याची पहिली सवय, पहिले खाते, पहिली टिपणे त्याने न निवडलेल्या व्यवस्थेत तयार होतात. निविदेत पडद्याचा आकार आणि मेमरी लिहिलेली असते, तशी सॉफ्टवेअरची भर किती वर्षे मिळेल आणि विद्यार्थ्याला आपली टिपणे बाहेर कशी काढता येतील, या दोन अटी लिहिल्या तर कोणत्याही ब्रँडला धक्का न लावता मोठा फरक पडेल.

स्वतःच्या पैशाने टॅबलेट घेणाऱ्यानेही याच दोन गोष्टी आधी विचाराव्यात, किमतीच्या बरोबरीने. टिपणे पीडीएफसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या रूपात काढता येतात का, पुस्तके आणि वर्गण्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतात का, पेन व चार्जर पुढच्या यंत्राला लागेल का, हे विकत घेण्याआधी पाहिले तर पाच वर्षांनंतरची निवड मोकळी राहते. चार्जरचा प्रश्न आता बराचसा सुटला आहे: २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या टॅबलेटना यूएसबी-सी सक्तीचे झाले, आणि आयपॅडची संपूर्ण मालिका त्याआधीच त्या तारेवर आली होती. विकत घेतलेली अ‍ॅप एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय मात्र अजून कोणत्याही मोठ्या कंपनीने दिलेली नाही.